लाल दिवा लागल्यावर कुणाकडे बघायचं?

‘‘मॅडम, मी कुणाकडं बघू?’’

राठोड सरांनी हे विचारलं तेव्हा कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लागलेला होता. म्हणजे सरांचा चेहरा आणि हा प्रश्न, दोन्ही पाच शाळांच्या टीव्हीवर पोचले होते. मी काचेमागून बोटानं खूण केली, तिकडे, भिंगाकडे. सरांनी भिंगाकडे पाहिलं. चुकून दुसऱ्याच्या घरात शिरल्यावर माणूस थबकतो तसे ते थबकले. मग त्यांनी सरळ पाठ फिरवली, फळ्याकडे तोंड केलं आणि समरूप त्रिकोण शिकवायला घेतले. तास संपेपर्यंत पाचही शाळांना सरांची पाठ तेवढी दिसली.

कॅमेऱ्यावर सलीमभाई होते. हिंगोलीतले लग्नाच्या शूटिंगचे नावाजलेले माणूस. दिवा विझल्यावर ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले, ‘‘मॅडम, इतना शर्मीला दूल्हा मैंने आजतक नहीं देखा.’’

मी हसले, पण मनापासून नाही. कारण हे सगळं उभं करण्याची जबाबदारी माझी होती.

मी कळमनुरीची, पाईकरावांची. वडिलांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. नव्वदच्या दशकात आठवडी बाजाराच्या दिवशी खेड्यातली माणसं रेडिओ फडक्यात बांधून आणायची आणि बाजार होईपर्यंत तो बोलता करून मागायची. मी शाळेतून आले की सुटलेल्या तारांना कथलाचा डाग द्यायला बसायचे. पुढे इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला. आमच्या वस्तीत हे शिकलेली पहिली मुलगी मीच. निकालाच्या दिवशी विहारात पेढे वाटले गेले. काही वर्षं इकडे-तिकडे काम केल्यावर हिंगोलीला या योजनेत टेक्निकल को-ऑर्डिनेटर म्हणून लागले. दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. मोबाइल नुकते दिसू लागले होते आणि ‘ऑनलाइन’ हा शब्द रेल्वेच्या रिझर्व्हेशनपुरता होता.

योजना सांगते, सोपी आहे. ज्या हायस्कुलांत गणित-विज्ञानाला शिक्षक नाही, तिथे छपरावर एक डिश आणि वर्गात एक मोठा टीव्ही. हिंगोलीच्या आमच्या खोलीत, जिला आम्ही स्टुडिओ म्हणायचो, एक चांगला शिक्षक फळ्यावर शिकवणार. त्याचं चित्र उपग्रहावर जाणार आणि तिथून पाच शाळांत उतरणार. वर जाऊन खाली यायला वेळ लागतो, म्हणून आवंढा गिळण्याइतका उशीर व्हायचा. आणि चित्र एकाच बाजूनं जायचं. मुलांना सर दिसायचे, सरांना मुलं दिसायची नाहीत. मुलांना काही विचारायचं असेल तर शाळेतल्या साध्या लँडलाइनवरून स्टुडिओत फोन लावायचा. त्याला आमच्या भाषेत टॉकबॅक म्हणत.

शिकवणाऱ्यांचं ट्रेनिंगही माझ्याकडे होतं. कॉम्प्युटर चालू कसा करायचा, फाइल कुठे ठेवायची, स्लाइड कशी बनवायची. जिल्ह्यातले निवडक हायस्कूल शिक्षक आले होते, बहुतेक माझ्या वडिलांच्या वयाचे. पहिल्या दिवशी मी फळ्याजवळ उभी राहिले तर एकांनी मला चहा सांगायला पाठवलं. त्यांची चूक नव्हती, मी दिसायचेच तशी. पण पहिल्या बाकावरून राठोड सर उठले. म्हणाले, ‘‘मॅडम वर्गात आल्यात. चहा मधल्या सुट्टीत.’’ त्या एका वाक्यावर माझी पुढची सगळी ट्रेनिंगं निघाली, हे मी त्यांना बरीच वर्षं सांगू शकले नाही.

राठोड सर औंढ्याच्या बाजूच्या एका तांड्यावरचे. त्यांच्या आजोबांच्या काळापर्यंत घरात बैलांचे तांडे होते, माल वाहून न्यायचे. सर तांड्यावरचे पहिले पदवीधर. पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं आणि गणितावर असा हात की पोरांना प्रमेय स्वतःच सुचल्यासारखं वाटावं. ट्रेनिंगमध्ये बाकीच्यांना स्लाइडचं वेड लागलं. कुणाची अक्षरं आकाशातून पडायची, कुणाची गरगर फिरत यायची, एकांच्या स्लाइडला तर टाळ्यांचा आवाज होता. सरांनी सगळं नीट शिकून घेतलं आणि शेवटी म्हणाले, ‘‘मला फळाच द्या. त्रिकोण काढताना दिसला पाहिजे. काढलेला त्रिकोण मेलेला असतो.’’ मला ते पटलं. साहेबांना पटलं नाही.

साहेब म्हणजे योजनेचे विभागीय अधिकारी. औरंगाबादला बसत. त्यांना सगळं लवकर हवं असे आणि सगळं कागदावर हवं असे. पण माणूस उलट्या काळजाचा नव्हता.

दसऱ्यानंतर पाठ सुरू झाले. हळूहळू सरांची पाठ थोडी इकडे वळली. अर्धा चेहरा दिसू लागला. हट्टा गावच्या शाळेतून फोन आला की मुलांना समजतंय. आणखी दोन ठिकाणांहून आला. अडली ती एक शाळा.

तिचं नाव घेत नाही. शिरड शहापूरपासून बरीच आत आहे, म्हणून आम्ही स्टुडिओत तिला आतली शाळा म्हणायचो. तिथल्या हेडमास्तरांचं, कदम सरांचं, वय झालंय आता, आणि त्यांचं नाव कुठे छापून आलेलं त्यांना आवडत नाही. आडनाव घेतल्याबद्दलही बोलणी बसतील. ते इतिहासाचे. गणिताच्या शिक्षकाची बदली झाल्यापासून दहावीचं गणित तेच गाइड समोर ठेवून शिकवत होते. मला म्हणाले होते, ‘‘मॅडम, पानिपत इचारा, सांगतो. हे सायन-कोसायन मला रात्री सपनात येऊन राहिलंय.’’ दहावीत जास्त करून मुलीच होत्या. ज्यांना जमलं त्यांनी मुलगे वसमतला ठेवले होते. मुलींना कोण ठेवणार?

तर आतल्या शाळेतून टॉकबॅकवर एकही फोन आला नाही. पहिल्या आठवड्यात नाही, पुढेही नाही. मग कदम सरच हिंगोलीला आले होते तेव्हा भेटून गेले. म्हणाले की मुली टीव्हीच्या तासाला येईनात. ज्या येतात त्या नुसत्या बघत राहतात, लिहून काही घेत नाहीत. विचारलं तर म्हणतात पाय दुखतात.

‘‘पाय?’’ मी विचारलं.

‘‘व्हय. आता गणिताचा अन् पायाचा काय संबंध, मला तर कळंना.’’

मलाही कळेना. मी चित्र कसं येतं, आवाज कसा येतो, लोडशेडिंग असताना बॅटरी पुरते का, एवढंच विचारलं. सगळं ठीक होतं. मी मनात लिहिलं, टीव्ही बहुतेक फार उंच बसवलाय, मान वर करून अवघडत असतील. इंजिनिअरला प्रत्येक दुखण्याचं कारण यंत्रातच दिसतं.

तेवढ्यात साहेबांचा फोन आला. हजेरीचे आकडे त्यांच्यापर्यंत गेले होते.

‘‘पाईकराव, ती आतली शाळा. तिथला सेट हलवायचा का?’’

‘‘सर, अजून महिना नाही झाला.’’

‘‘मुलं येत नसतील तर डिश छपरावर ठेवून काय कबुतरं बसवायची? दुसऱ्या शाळांची मागणी आहे. दिवाळीनंतर येतात का बघा, नाहीतर उतरवून घ्या.’’

सेट हलला की आतल्या शाळेत पुन्हा कदम सर आणि गाइड. दुसरा काही इलाज नव्हता. आणि दिवाळी झाली की त्या भागातल्या तांड्यांवर मुकादमाचे ट्रक लागतात, माणसं ऊसतोडीला निघतात. कदम सरांनी मला एका मुलीचं सांगितलं. ललिता. वर्गात सगळ्यांत हुशार. तिचे आईवडील दरवर्षी जायचे आणि ती मावशीकडे राहायची. या वर्षी बाप शाळेत येऊन विचारून गेला होता. टीव्हीवर पोरीला गणित समजत असेल तर ठेवतो, नाहीतर नेतो. दहावीत नापासच व्हायची असेल तर इथे बसवून काय करू? कदम सरांनी त्याला दिवाळीनंतर या म्हणून सांगितलं होतं.

म्हणजे साहेबांनाही दिवाळीनंतर, ललिताच्या बापालाही दिवाळीनंतर.

सुट्टी संपून पहिला पाठ होता त्या दिवशी मी हत्यारांची पिशवी घेऊन सकाळच्या एसटीनं निघाले. स्टुडिओ सलीमभाईंवर सोपवला. फाट्यावर उतरून पुढे कुणाच्या तरी टेम्पोत बसले. शाळा टुमदार होती. आवारात बोरीची झाडं आणि पत्र्यावर आमची डिश. मी आधी छपरावर चढले. डिशची दिशा बरोबर. तिच्या तोंडाशी एक डबा असतो, तोच आकाशातला सिग्नल पकडतो, तोही ठीक. केबल उंदरांनी कुरतडलेली नव्हती. खाली येऊन टीव्ही पाहिला. उंचीही बरोबर होती. मी मागच्या बाकावर बसून पाहिलं, मान अवघडत नव्हती. माझ्याकडचं सगळं ज्ञान संपलं आणि दोष सापडला नाही.

कदम सर म्हणाले, ‘‘आता तास व्हईल. तुमीच बघा.’’

मुली आल्या. बाक निम्मेही भरले नाहीत. पुढच्या बाकावर दोन वेण्या घातलेली, बारीक अंगाची मुलगी बसली. तीच ललिता. मी मागे भिंतीशी उभी राहिले. कदम सर माझ्या शेजारी. त्यांनी टीव्ही लावला. आधी निळा पडदा, मग आमचा स्टुडिओ, मग बाजूनं राठोड सर आत आले.

सगळा वर्ग उभा राहिला. ‘‘नमस्ते सर.’’

सर फळ्याकडे वळले होते. त्यांनी तारीख लिहिली, त्याखाली रेघ मारली आणि वर्तुळ काढलं. जीवा, स्पर्शिका असं सुरू झालं. आवाज स्वच्छ, अक्षर स्वच्छ. मी खूश झाले. मग माझं लक्ष वर्गाकडे गेलं.

वर्ग उभाच होता.

मला वाटलं, आता बसतील. सरांनी दुसरी आकृती काढली. मुली उभ्याच. मागच्या एकीनं हळूच ढोपर बाकाला टेकवलं आणि कदम सरांनी पाहताच परत सरळ झाली. वह्या बाकावर मिटलेल्या. उभ्यानं लिहिणार कशा? मी बाजूला पाहिलं. कदम सरही हात पुढे जोडून, ताठ उभे होते. मी मघापासून भिंतीला टेकले होते म्हणून मला ते जाणवलं नव्हतं.

मी हळूच विचारलं, ‘‘सर, या बसत का नाहीत?’’

ते कुजबुजले, ‘‘सरांनी बसा म्हणलं न्हाई अजून.’’

‘‘मग तुम्ही म्हणा ना.’’

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी भलतंच काही बोलले होते. ‘‘मॅडम, वर्गात शिक्षक असताना दुसऱ्यानं वर्ग बसवायचा नसतो. मी हेडमास्तर असलो तरी. मी पहिल्याच दिवशी लेकरांना बजावून सांगितलंय, टीव्हीत आले म्हणून काय झालं, सर ते सरच. शिनेमा समजू नका.’’

‘‘आणि रोज असंच?’’

‘‘रोज. बाकीच्या शाळांत बसतेत काय?’’

बाकीच्या शाळांत कुणीतरी ‘बसा रे’ म्हटलं असणार, किंवा पोरं आपणच बसली असणार. इथे कुणी म्हटलं नव्हतं. दसऱ्यापासून टीव्हीच्या प्रत्येक तासाला या मुली पूर्ण वेळ उभ्या होत्या. त्यातल्या काही तांड्यावरून चालत यायच्या. फोन करून तक्रार करायची तर काय करणार? सर, तुम्ही आम्हाला बसा म्हणाला नाहीत? असं कुणी शिक्षकाला म्हणतं का?

मला आधी हसू आलं. मग डोळ्यांत पाणी आलं. दोन्ही एकदमच आलं म्हटलं तरी चालेल.

माझ्या ट्रेनिंगमध्ये सगळं होतं. माउस होता, फाइल होती, स्लाइड होती. ‘बसा’ नव्हतं. ते कुणाला सुचणारही नव्हतं. शिक्षक ‘बसा’ म्हणतो ते ठरवून म्हणत नाही. समोर वर्ग उठतो, तो दिसतो आणि तोंडातून शब्द निघतो. राठोड सरांनी आयुष्यभर रोज ते म्हटलं होतं. आम्ही त्यांच्यासमोरून वर्ग काढून घेतला आणि त्या जागी काचेचं भिंग ठेवलं. भिंग उठून उभं राहत नाही.

फोन वर्गातच, दाराशी ठेवलेला होता. मी स्टुडिओ लावला. सलीमभाईंनी उचलला. म्हटलं, सरांना द्या. ते म्हणाले, ‘‘अभी? चालू में?’’ म्हटलं, चालू में.

आता गंमत अशी की फोन ताबडतोब पोचतो आणि चित्र वरून फिरून येतं. त्यामुळे सर फोनवर माझ्याशी बोलू लागले होते तरी टीव्हीत अजून स्पर्शिकाच काढत होते. मग टीव्हीत सलीमभाईंचा हात आला, हातात रिसीव्हर. सरांच्या कॉलरला माइक होता. त्यांचं प्रत्येक वाक्य मला आधी फोनवर ऐकू येई आणि मग सगळ्या वर्गाला टीव्हीतून.

‘‘सर, मी आतल्या शाळेतून बोलतेय. मुली उभ्या आहेत.’’

‘‘काहून?’’

‘‘तुम्ही बसा म्हणाला नाहीत.’’

सरांनी हळूच विचारलं, ‘‘कवापासून?’’

‘‘पहिल्या तासापासून, सर.’’

टीव्हीतून ‘कवापासून’ आलं तेव्हा मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. सरांनी रिसीव्हर सलीमभाईंना दिला. खडू फळ्याच्या कडेला ठेवला. हात झटकले. मग वळले, पूर्ण वळले, आणि भिंगाकडे पाहिलं. पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं होतं ना, मी कुणाकडं बघू म्हणून? आता त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. ते अगदी ललिताकडे बघत होते असं मला वाटलं. नंतर कळलं, तिथल्या प्रत्येकीला ते आपल्याचकडे बघतायत असं वाटलं होतं.

सर म्हणाले, ‘‘बसा, लेकरांनो.’’

बाक वाजले. कदम सरही दाराशेजारच्या खुर्चीत बसले.

सर पुढे म्हणाले, ‘‘माझी चूक झाली. मला तुमी दिसत न्हाईत. आजपासून मी तुमाला बघून राहिलो असं समजून शिकवतो. आता वह्या काढा. स्पर्शिका पुन्हा.’’ आणि त्यांनी फळा पुसला.

तास संपायच्या आत फोन वाजवला तो ललितानं. आतल्या शाळेचा पहिला टॉकबॅक. तिनं विचारलं की स्पर्शिका वर्तुळाला एकाच ठिकाणी का शिवते, दोन ठिकाणी का नाही? सर इतके खूश झाले की सलीमभाईंनी लग्नातल्यासारखा झूम करून त्यांचा चेहरा दाखवला. एरवी मी त्यांना यावरून रागवत असे. त्या दिवशी रागावले नाही.

पुढच्या रविवारी राठोड सर स्वतः आतल्या शाळेत गेले. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी प्रवासभत्ता दिला नाही. ते बंद टीव्हीसमोर एकेका बाकावर बसून आले. कुठून काय दिसतं, उजेड कुठून येतो, हे पाहिलं. जाताना तांड्यावरून गेले. ललिताच्या बापाशी ते गोरमाटीत, दोघांच्याही घरच्या बंजारा भाषेत बोलले. काय बोलले ते मला माहीत नाही. सरांना विचारलं तर म्हणाले, ‘‘मी म्हणलं, तुझी पोरगी माझ्या वर्गात हाय. वर्गातून लेकरू न्यायचं तर सरांना इचारावं लागतं.’’ ट्रक लागला तेव्हा ललिता मावशीकडे राहिली.

त्यानंतरचे सरांचे तास मी प्रत्येक ट्रेनिंगमध्ये सांगत आले. आल्या आल्या भिंगाकडे बघून ‘बसा’. मग एकेका शाळेला नाव घेऊन नमस्कार. प्रश्न विचारला की ते गप्प राहायचे आणि मनात दोनाचा पाढा म्हणायचे, तेवढ्यात तिकडच्या मुलांचं लिहून होई. आधी आम्हाला वाटलं लिंक तुटली. सलीमभाई केबल हलवायला धावले. लिंक तुटली नव्हती. सर वाट बघत होते, जशी वर्गात बघतात.

जानेवारीत साहेब आले. सेट हलवायचा की ठेवायचा, ते स्वतः बघणार होते. मी त्यांना आतल्या शाळेत घेऊन गेले. बाक भरलेले होते. साहेब मागे बसले. थोडा वेळ पाहून माझ्याकडे झुकले.

‘‘स्लाइड कुठे आहेत?’’

‘‘नाहीत, सर.’’

‘‘एकही नाही? मग यात टेक्नॉलॉजी काय? हे तर उंटावरून शेळ्या हाकणं झालं.’’

तेवढ्यात टीव्हीतून सर म्हणाले, ‘‘खिडकीजवळच्यांनो, ऊन आलं असंल तर पडदा ओढा.’’ खिडकीजवळच्या मुलीनं उठून पडदा ओढला. साहेब तिच्याकडे बघत राहिले. मग टीव्हीकडे. ‘‘यांना दिसतं इथलं?’’

‘‘नाही, सर. या वेळी इथे ऊन येतं हे ते बसून बघून गेलेत.’’

ललितानं फोनवर उत्तर सांगितलं, सर ‘‘बराबर’’ म्हणाले, साहेबांनी तेही ऐकलं. परतताना जीपमध्ये म्हणाले, ‘‘डिश राहू द्या. पण पाईकराव, रिपोर्टमध्ये स्लाइड दाखवाव्या लागतील.’’ मी सरांच्या फळ्याचे फोटो काढले आणि स्लाइडमध्ये चिकटवले. वरून शाबासकी आली.

परीक्षेआधीचा शेवटचा पाठ फेब्रुवारीत झाला. सरांनी उजळणी संपवली, पेपर कसा सोडवायचा ते सांगितलं आणि नेहमीसारखं ‘शंका?’ विचारलं. फोन वाजला. आतली शाळा. सलीमभाईंनी स्पीकर लावला. ललिताचा आवाज आला.

‘‘सर, शंका न्हाई. आमी समद्या उभ्या हाव.’’

सर गडबडले. ‘‘काहून? मी बसा म्हणलो होतो की.’’

‘‘व्हय सर. आता आमी आमच्या मनानं उभ्या हाव. तुमी बसा.’’

सरांनी इकडे-तिकडे पाहिलं. स्टुडिओत शिक्षकासाठी खुर्चीच नव्हती. सगळी यादी मी केली होती, कॅमेऱ्यापासून खडूपर्यंत, आणि शिकवणारा माणूस बसेल हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मी काचेमागून माझी खुर्ची उचलली आणि धावत आत गेले. पाच शाळांनी मला पाहिलं असणार. सर बसले. कॅमेरा उभ्या माणसाच्या उंचीवर बांधलेला, त्यामुळे बसल्यावर सर चित्रातून गेले. टीव्हीवर नुसता फळा राहिला, सरांच्या अक्षरातला. सलीमभाईंनी कॅमेरा खाली करायला हात घातला आणि मग तसाच राहू दिला.

मी सरांच्या शेजारी उभी होते. मला त्यांना पहिल्या दिवसाचं, चहाचं, सांगायचं होतं. माइक चालू होता म्हणून नुसता नमस्कार केला. सरांनी तो पाहिला. नंतर पुष्कळ वर्षांनी, त्यांच्या निरोपसमारंभात, मी ते बोलून दाखवलं. त्यांना ते वाक्य आठवतही नव्हतं.

जूनमध्ये निकाल लागला. आतल्या शाळेतल्या बहुतेक मुली गणितात सुटल्या. दोघी राहिल्या, त्यातली एक ऑक्टोबरला सुटली. ललिताला गणितात विशेष प्रावीण्य मिळालं. कदम सर पेढे घेऊन हिंगोलीला आले आणि म्हणाले, आता मला सपनात पानिपतच येतं.

पुढच्या वर्षीच्या साहित्याच्या मागणीपत्रात मी एक खुर्ची लिहिली. वरून शेरा आला की खुर्ची तांत्रिक साहित्यात मोडत नाही. मी कळमनुरीला गेले आणि वडिलांच्या दुकानातली, जिच्यावर बसून मी डाग द्यायला शिकले होते ती खुर्ची घेऊन आले. नव्या शिक्षकांचं ट्रेनिंग मी त्या खुर्चीपासून सुरू करायचे. कॉम्प्युटर नंतर. आधी त्यांना रिकाम्या खोलीत भिंगासमोर उभं करायचे आणि म्हणायचे, समोर वर्ग उठलाय. दिसत नसेल, पण उठलाय. तुम्ही काय म्हणाल?